तळाची डाट

"थांब, अंदर इचारून येतो."

काहीही विचारा, म्हातारा आधी हे म्हणणार. मग आपल्याकडे पाठ फिरवायची, उजवा हात पोटावर ठेवायचा, मान खाली घालायची आणि गप्प उभं राहायचं. चहा घेता का, असं विचारलं तरी हेच. आत जाऊन यायला त्याला इतका वेळ लागायचा, की चहावर साय धरायची, सायीवर माशी बसायची आणि माशीला नातवंडं व्हायची. मग वळून म्हणायचा, "नाही म्हणते." किंवा, "हो म्हणते, पण साखर कमी."

"कोण म्हणते गा?" नवखा माणूस विचारायचा.

म्हातारा पोटावर दोन बोटं ठोकायचा. "हा. इथी राह्यते. मले एकट्याले इचारून काही फायदा नाही."

तुमच्याही गावात असा एखादा असेल. नसेल तर तुमचं गाव अजून पुरतं वसलेलं नाही, असं समजा.

आमचं गाव करडी गावाच्या अंगाला. गावाच्या डोक्यावर तळं आणि तळ्याखाली सगळ्यांच्या धानाच्या बांध्या. म्हातारा आमचा पाणकर, म्हणजे तळ्याचं पाणी बांधीबांधीला वाटून देणारा. खळं झालं, की घरटी टोपलीभर धान त्याला द्यायचं, ही रीत. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली त्याची झोपडी होती. भिंती तीनच. चौथी काहून नाही म्हटलं, तर सांगायचा, "तिकून तळं दिसते." त्याला सरकारी घरकुल मंजूर झालं होतं. त्यानं आत विचारलं आणि नको म्हणून कळवलं. घरात भात शिजवायला एक गंज, एक घोंगडी, एक फावडं. एकदा चोर शिरला, सगळीकडे पाहिलं आणि जाताना आपलीच बिडीची पुडी तिथं ठेवून गेला. हे मी सांगतो आहे. चोर कशाला सांगेल?

तळ्यातून पाणी सोडायला दगडी पायऱ्यांची मोरी आहे, तिला आम्ही तुडूम म्हणतो. पायरीपायरीला भोक, भोकात लाकडाची डाट. पाणी उतरत जाईल तशी खालची डाट काढत जायची. अगदी तळाची डाट मात्र आजवर कोणी काढली नव्हती. काहून, ते कोणी विचारलंही नव्हतं. तेवढी वेळच आली नव्हती.

मग ते साल आलं. पोळ्याला बैलांच्या शिंगांवर जो पाऊस पडला, तो शेवटचा. धान गरभात होतं. गरभातलं धान म्हणजे दिवस भरलेली लेक, तिला उपाशी कसं ठेवणार? बांधीला अशा भेगा पडल्या, की माझी कोंबडी एका भेगेत उतरली आणि करडीच्या शिवारात वर आली. म्हाताऱ्यानं एकेक डाट काढत पाणी पुरवलं. शेवटी तळाची तेवढी उरली आणि तिच्यावर कमरेइतकं गढूळ पाणी.

सकाळी सगळं गाव पाळीवर जमलं. आमचा सरपंच तोंड उघडून बोलला, की पार तिकडं आंधळगावच्या कोंबड्या दचकून अंड्यांवरून उठतात. त्यानं विचारलं, "तळाची डाट काढाची का?" सगळ्यांचे हात वर. माझे दोन्ही.

म्हाताऱ्याचा हात पोटावर होता.

"बुढ्या, काढ."

"थांबा, अंदर इचारून येतो."

त्यानं पाठ फिरवली. ऊन चढत होतं. माझ्या शेजारचा गडी हातातली काठी दगडावर ठकठक आपटत होता, तिचा आवाज माझ्या दातांत वाजत होता. त्या घटकाभरात माझं धान आणखी पिवळं पडलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हातारा वळला. "नाही म्हणते."

"गावानं ठराव केला!" सरपंच ओरडला. "तू कोण नाही म्हननारा?"

"मी कोनी नाही बापा. पन पानी इतकंच आहे. हे बी सोडलं त उन्हाळ्यात ढोरं काय चाटतीन? मासोळीचं बेणं कुठी जाईन?"

"ढोराचं उन्हाळ्यात पाहू! धान आज मरून राहिलं ना!" मागून कोणीतरी ओरडलं. तेही खोटं नव्हतं हो. त्या माणसाची लेक लग्नाची होती. मोहाडीच्या बाजारात लुगडी बघून ठेवली होती, ती त्या धानावर.

सरपंचानं खालची बांधी दाखवली. "ते पाह्य. तुही सोताची बांधी. तुडुमाच्या तोंडाशी आहे, पयले तुलेच पानी भेटन."

म्हाताऱ्यानं तिकडं पाहिलं. त्याला ती एकच बांधी होती. तिच्यातलं धान खाली मान घालून उभं होतं.

"भेटन," तो म्हणाला. "खरं आहे."

काठीवाल्यानं त्याला धरून ओढलं, तर सदऱ्याची बाहीच फाटून हातात आली. आता डोकं फुटतं, असं वाटून बायका पुढं सरकल्या. म्हातारा बाहीकडं बघत म्हणाला, "बाही ने. हात माहा माह्यापाशी राहू दे."

मग त्यानं आपलं फावडं पाळीत रोवलं. "मी कोनाले अडवत नाही. हे तळं, हे तुडूम. ज्याले काढाची त्यानं उतरावं. माह्या हातानं होनार नाही." आणि मोहाखाली जाऊन बसला.

झालं! वाट मोकळी. सरपंच म्हणाला, "उतरा." उतरलं कोणी नाही.

"तुम्ही उतरा ना भाऊ, तुमचंच त म्हननं होतं."

"मी सरपंच आहो. माहं काम सही कराचं."

"मंग काठीवाल्या, तू जा!"

"मले पोहता येत नाही."

"कंबरभर पान्यात पोहतं कोन बे?"

सगळ्या गावाचे हात वर झाले होते. पाण्यात घालायला त्यातला एक निघेना. शेवटी मी धोतर खोचलं, अशी गर्जना केली, की तळ्यावरचे बगळे नवेगावला गेले, आणि उतरलो. हात डाटेला लागला. डाट शेवाळानं बुळबुळीत होती. कुठून तरी बोटबोट मासोळ्या आल्या आणि माझी बोटं चुपायला लागल्या.

पाळीवरून म्हातारा बोलला. हळूच, शेजारच्या माणसाला तंबाखू मागावी तसं. "काय गा, इचारलं का?"

नेमकी तेव्हाच मला जळू चावली. साधीसुधी नाही, रेडकाच्या शेपटीएवढी, तिला मिशा होत्या. मी बाहेर आलो. कोणी काही म्हणो, जळूच होती. माझ्यामागून दुसरा कोणी उतरला नाही, आणि दुपारपर्यंत पाळ रिकामी झाली.

पाऊस आला नाही. निम्मं धान पोचट निघालं. लुगडी बाजारातच राहिली. म्हाताऱ्याच्या बांधीचा तर सरळ पेंढा झाला. त्या साली खळ्यावर त्याला कोणी बोलावलं नाही, आणि तोही आला नाही. तळ्यातले शिंगाडे उकडून खायचा. घरचीनं माझ्यापाशी तांदळाची थैली दिली. मी ती त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणालो, "बाबाजी, अंदर इचारू नका, ठेवून घ्या."

तो पाठमोरा झालाच. बऱ्याच वेळानं म्हणाला, "अर्धी ठेव म्हणते. तुह्या घरी बी पोचटच निघालं."

उन्हाळ्यात आजूबाजूची तळी तव्यासारखी झाली. आमच्या तळ्याच्या तळाशी मात्र डबकं होतं. गावची झाडून सगळी ढोरं तिथं, सरपंचाच्या म्हशी सगळ्यांत पुढं. म्हातारा त्यांच्या पाठीवर ओंजळीनं पाणी टाकायचा. गावातलं कोणी त्याच्याशी त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. ढोरं पाजायची, घरी न्यायची.

मिरगाच्या थोडं आधी, एका सकाळी, म्हातारा मोहाला टेकून बसलेला दिसला. गावाकडं पाठ, तळ्याकडं तोंड, हात पोटावर. विचारून राहिला असेल, म्हणून कोणी हटकलं नाही. ढोरं पाणी पिऊन परत फिरली तरी त्याची मान वर झाली नाही, तेव्हा आमच्या लक्षात आलं. चौथी भिंत नव्हती, त्यामुळं तिरडी बांधायला जागा पुष्कळ होती.

त्याचं फावडं पाळीत तसंच रोवलेलं आहे. दांडा उन्हानं चिरला, पण कोणी उपटलं नाही. पाणकर दुसरा ठेवला. चांगला आहे बिचारा, सांगितलं ते करतो.

यंदा पुन्हा पोळ्यानंतर पाऊस गेला. पुन्हा पाणी तळाच्या डाटेशी आलं. परवा सगळे पाळीवर जमलो. सरपंच आता दुसरा आहे, आवाज तोच. नवा पाणकर पाण्यात उतरला, डाटेवर हात ठेवला आणि वर पाहत म्हणाला, "काढू का?"

हात वर व्हायला लागले. माझंही धान गरभात आहे. मी मोहाकडं पाहिलं. तिन्ही भिंती केव्हाच पडल्या. आता कुठल्याही बाजूनं तळं दिसतं.

मी सगळ्यांकडं पाठ फिरवली.

"काय झालं गा?" सरपंच मागून म्हणाला. "बोल ना लवकर!"

"थांब," मी म्हणालो. "इचारून राहिलो."