सोनाळ्याच्या मोटा थांबल्या होत्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय, याचं माझं मलाच नवल वाटतं.

राज्याच्या एका विकास महामंडळाचा प्रमुख म्हणून मी निवृत्त झालो. सत्कारात जो तो माझ्या पहिल्या कामाचं कौतुक करायचा — सोनाळ्याचा पुठ्ठ्याचा कारखाना. मी खाली मान घालून बसायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी बुलढाण्याच्या कचेरीत नवखा अधिकारी. कारखान्याला पाणी भरपूर लागणार, म्हणून मुंबईचे एक तज्ज्ञ ऐन उन्हाळ्यात सोनाळ्याची विहीर तपासायला आले. सकाळपासून इंजिन लावून उपसा चालला, तरी पाणी हटेना. साहेब खूश. मी त्याहून खूश — सोनाळा माझ्या मामांचं गाव, जागा मीच सुचवलेली.

दुपारी मामांकडे जेवायला गेलो. वाढता वाढता ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "पाहुणे येऊन राह्यले म्हून आमी आठवडाभर साऱ्या मोटा बंद ठेवल्या. इहीर भरून दिसली पाह्यजे ना."

स्वतःची संत्र्याची बागही त्यांनी तहानलेली ठेवली होती. त्यात लबाडी नव्हती हो. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवावं, तसं त्यांनी केलं. तपासणीच त्यामुळे खोटी ठरते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

माझ्या मात्र लगेच लक्षात आलं. साहेब हाकेच्या अंतरावर होते. सांगितलं असतं तर — पुन्हा तपासणी, कदाचित दुसराच तालुका. मी घाबरलो होतो का? गंमत म्हणजे, नाही. गप्प बसलं तर काय होतं, एवढंच मला बघायचं होतं. काहीच झालं नाही. अहवाल गेला, कारखाना आला, मला बढती मिळाली. गप्प बसणं इतकं सोपं असतं?

काही वर्षांतच कारखान्याच्या पंपांनी आसपासच्या विहिरी तळाला नेल्या. मामांची बाग वाळायला लागली. भाच्यानं कारखाना गावात आणला म्हणून लोक त्यांना बोलू लागले. मोटा थांबवल्यानं तपासणी फसली, हे एव्हाना त्यांनाही उमगलं होतं. तेव्हा ते मुंबईला माझ्या ऑफिसात आले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले.

"बाबू, मोटाचं तू त्या साहेबाले सांगतलं होतं ना?"

भरपाई नको होती, पाणी मागत नव्हते. तेवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि मी — आता खुर्ची मोठी झालेली, कुणाला भ्यायचं कारण नव्हतं — म्हणालो, "सांगितलं होतं, मामा. त्यांनी ऐकलं नाही."

त्या भल्या साहेबांवर मी सगळं ढकललं. मामांचा चेहरा केवढा उजळला. गावी जाऊन त्यांनी ते घरोघरी सांगितलं.

पुढे बाग तोडायला काढली तेव्हा मी मुद्दाम गेलो. का गेलो? बघायलाच बहुतेक. कुऱ्हाडी चालू होत्या. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "जीवाले लावून घेऊ नको, बाबू. तू तं सांगतलं होतं."

मी म्हणालो, "हो."