शेतात टाकलेलं छत

गेल्या महिन्यात दादा, माझा थोरला भाऊ, गेला. तेराव्यानंतर त्याच्या कपाटाचा खण आवरताना जिप्सम बोर्डाचा एक तुकडा हाती आला आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. सेलूत एका दुकानाचं जिप्सम बोर्डाचं छत पाडलं होतं आणि दादाने तो राडारोडा टेम्पोत भरून शेतावर आणला होता. ओढ्याकाठच्या आमच्या चोपण तुकड्यात पाणी मुरत नसे, उगवलेलं पीक पिवळं पडे. त्या वर्षीही तसंच झालं तर तो तुकडा विकायचा, असं वडिलांनी ठरवलं होतं. जिप्समने अशी जमीन सुधारते हे दादाने वाचलं होतं. पण राडारोड्यात चुन्याचे ढलपेही मिसळलेले होते आणि चुना अशा जमिनीला चालत नाही. म्हणून तो प्रत्येक तुकड्यावर लिंबू पिळून बघे. फेस आला की चुना, तो बाजूला. आई बांधावरून म्हणाली, "लोणच्याचे लिंबं हायत ते. लोकं शेतात शेणखत टाकतेत, तुमी छत टाकायलाव." दादा म्हणाला, "लोणचं पुढच्या साली घालू, माय. जमीन गेली तर परत यायची न्हाई." आम्ही दोघांनी बोर्ड भिजवून कागद सोलला, पांढरा चुरा कुटला आणि संध्याकाळपर्यंत पसरला. दोन पावसाळ्यांनी तिथे पाणी मुरू लागलं, तुकडा विकावा लागला नाही. आज त्यात हरभरा उभा आहे आणि काढणीला मी एकटा आहे.