तोफकाकांचे डोळे आले

कोर्टात नावं पुकारणाऱ्या शिपायाला सगळे तोफकाका म्हणत. दालनाच्या दारात उभं राहून त्यांनी हाक दिली की जिन्याखाली चहा पिणारा पक्षकारसुद्धा कप टाकून धावत सुटे. बावीस वर्षांत त्यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती, आणि ओळख झालेल्या माणसाला ते दुसऱ्याच वाक्यात हे ऐकवत.

त्यामुळे एका सोमवारी सकाळी डोळे लालभडक होऊन चिकटले, तेव्हा काकांनी मुलीचा काळा चष्मा शोधून काढला.

"अहो, डोळे आलेत तुमचे," बायको म्हणाली. "साऱ्या कोर्टाला देऊन याल. घरी बसा."

"मग नावं कोण पुकारणार?"

"तोंड असलेला कुणीही!"

तिने त्यांचा टॉवेल वेगळा काढला, पण नवऱ्याला काही अडवता आलं नाही.

काका दिवसभर रुमालाने डोळे पुसत होते आणि त्याच हाताने हजेरीवहीचं पेन पुढे करत होते. त्या एकाच पेनने पक्षकारांनी सह्या केल्या, वकिलांनी केल्या. गुरुवारपर्यंत जो तो लाल डोळे घेऊन फिरू लागला. काकांच्या दालनातले न्यायाधीश साहेब घरी, टायपिस्ट घरी, आणि एका नामांकित वकिलावर ऐन मोठ्या खटल्यात कागद दिसेना म्हणून तारीख मागायची वेळ आली. ते असे भडकले, की त्यांनी काकांवर तक्रारच ठोकली. रोग पसरेल हे ठाऊक असूनही निष्काळजीपणे वागणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी सहा पानांत लिहिलं होतं.

साहेब स्वतःच त्रास झालेल्यांपैकी, म्हणून प्रकरण शेजारच्या दालनातल्या न्यायाधीश बाईंकडे गेलं. आता गंमत अशी, की सुनावणीच्या दिवशी तिथल्या शिपायाचे डोळे आलेले आणि त्याच्या जागी तोफकाकाच उभे. त्यांनी यादी पाहिली. तिसरं नाव त्यांचंच. काकांनी घसा खाकरला, खणखणीत आवाजात तीनदा स्वतःला पुकारलं आणि "हजर!" म्हणत आत शिरले. दालन हसून लोटपोट झालं.

बाईंनी हसू आवरलं. "हा आजार पसरतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

वकिलांनी या एका मुद्द्यावर दहा प्रश्न लिहून आणले होते. 'धूळ गेली असं वाटलं म्हण,' असं दोस्तांनीही काकांना पढवलेलं. काकांनी मागच्या बाकावरच्या बायकोकडे पाहिलं.

"माहीत होतं, बाईसाहेब. हिने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. रजा घेत नाही याचा तोरा होता मला."

वकिलांचे दहाही प्रश्न वाया गेले. बाई त्यांच्याकडे वळल्या. "आणि तुमचे डोळे आल्याचं कळलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"घरी गेलो."

"थेट?"

"म्हणजे... वकिलांच्या खोलीत जरा कॅरम खेळून."

मागे काळे चष्मे लावून बसलेल्या तीन वकिलांनी कुणी न विचारताच हात वर केले.

तक्रार तिथेच मागे घेतली गेली. पण बाईंनी काकांना मोकळं सोडलं नाही. "माहीत असून लोकांत वावरलात, ही चूक लहान नाही. ज्यांना त्रास झाला त्यांना भेटून माफी मागा. आणि आठ दिवस सक्तीची रजा. तुमच्या साहेबांशी बोललेय मी."

रजा म्हटल्यावर काकांचा चेहरा एवढासा झाला.

माफी मागायला ते पहिल्यांदा एका निवृत्त शिक्षिकेकडे गेले. सामाईक भिंतीवरून त्यांचा शेजारणीशी सात वर्षं दावा चालू होता आणि काकांमुळे तारीख पुढे गेली होती. काका दारातच पुटपुटले, "चुकलं माझं, बाई."

"चुकलंच तुमचं! तीन दिवस मला धड दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत थेंब कोण घालणार? शेवटी भिंतीपलीकडून तीच आली. आता दावा काढून घेतोय आम्ही."

आतून शेजारीण म्हणाली, "त्यांना बसायला तरी सांगा!"

काका बसले, चांगले तासभर. घरी आल्यावर बायकोला सारं सांगून म्हणाले, "उद्या टायपिस्टकडे जायचंय. तूही चल, सुट्टीच आहे मला."