साहेबांकडे बघा

नाटक मंडळीत त्याला सगळे तोफ म्हणत. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला डुलक्या घेणारा माणूस दचकून जागा व्हावा, असा आवाज. वीस वर्षं त्याने राजे, वकील, खलनायक गाजवले. त्याच्या मागे ट्रे धरून चार वाक्यांचा नोकर करणारा मंडळीतला धाकटा नट मात्र आता टीव्हीवरच्या पोलीस मालिकेत इन्स्पेक्टर झाला होता.

रोज आठ वाजता तोफ टीव्हीसमोर बसे आणि चुका काढी.

"कमरेवर हात ठेवला म्हणजे पोलीस झाला का हा? आवाज तरी आहे का? शेजारणीशी कुजबुजल्यासारखा गुन्हेगाराला दम देतोय!"

"मग बंद करा ना," बायको म्हणाली.

"बघू दे जरा!"

अशात धाकट्याचाच फोन आला. "दादा, मालिकेत म्हातारा हवालदार येतोय. मोठं काम आहे, वर्षभराचं. मी तुमचं नाव सुचवलंय. उद्या चाचणीला याल?"

तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला. याच्या शिफारशीवर जायचं? पण वर्षभर घराघरांत दिसायचं, ही हाव त्याहून मोठी होती. रात्रीतून वाक्यं पाठ झाली.

सेटवरचं पोलीस ठाणं प्लायवुडचं होतं. धाकटा खुर्चीत, तोफ समोर उभा. साहेब हवालदाराला झापतात, एवढाच प्रसंग. तोफेने पहिलंच वाक्य असं फेकलं की साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन ओढून काढले.

"काका, साहेब दोन हातांवर आहेत," दिग्दर्शिका हसत म्हणाली. "पुढच्या गावात नाहीत."

दुसऱ्या वेळी आवाज उतरला, पण मान आपोआप कॅमेऱ्याकडे वळली. रंगमंचावर प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, बोलायचं समोरच्याशी आणि तोंड ठेवायचं अंधाराकडे. वीस वर्षांत त्याने सहकलाकाराच्या डोळ्यांत सरळ पाहिलंच नव्हतं.

"काका, इकडे नको. साहेबांकडे बघा."

तेवढं सोडून काहीही सांगा, असं त्याला झालं. तिसऱ्या वेळीही मान वळली. मागे कुणीतरी घड्याळ पाहिलं. आता हातचं जाणार, हे त्याला कळलं.

चौथ्या वेळी त्याने मान गच्च धरली आणि बघितलं. इस्त्रीचा गणवेश, खांद्यावरचे तारे, खुर्चीच्या हातावर निवांत टेकलेलं कोपर. वाक्य जेमतेम निघालं, "चूक झाली, साहेब."

धाकट्याला पुढचं वाक्यच सुचेना.

"कट! हाच आमचा हवालदार," दिग्दर्शिका म्हणाली. "हाताखालचा पोरगा साहेब झाला, ते याला आयुष्यभर पचलेलं नाही. नेमकं तेच दिसलं!"

मेकअपच्या खोलीत तोफेने धाकट्याला गाठलं. "माझंच नाव का सुचवलंस रे?"

धाकटा कापसाने कपाळ पुसत राहिला. "हवालदाराचं वर्णन वाचलं, दादा, आणि तुमचा चेहरा समोर आला. माझ्या पहिल्या टाळीला तुम्ही विंगेतून बघत होतात ना, तो."

व्यवस्थापक करारपत्र घेऊन दारात उभा होता. तोफेने धाकट्याच्याच खिशातलं पेन उपसलं आणि पानापानावर सही केली.