तिने टाकलेले आडनाव

“तुझं राहू दे. तू नुसतं ‘अहम्’ म्हण.”

ऋषिपंचमीचा दिवस होता. पाठशाळेत पूजा मांडली होती. संकल्प सोडताना हातात पाणी घेऊन प्रत्येकाने आपले गोत्र आणि नाव उच्चारायचे असते. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप म्हणावे, हा शास्त्राधार गुरुजींनीच आम्हांला शिकवला होता. बिबवेवाडीच्या आमच्या वस्तीतून संस्कृत शिकायला येणारी मी एकटी. मी ‘काश्यप’ म्हणायला तोंड उघडले आणि गुरुजींनी मला थांबवले. मुली हसल्या. पाणी बोटांतून गळून गेले.

मी संस्कृत सोडले नाही. देवही सोडला नाही. आयुष्यभर मुलांना शिकवले. परंतु आजही पहाटे पूजेला बसले, की नाव उच्चारण्याच्या क्षणी तोच आवाज आधी येतो. देव समोर असतो आणि मी निनावी असते.

निवृत्तीनंतर शनिवार पेठेतल्या एका चरित्रकोशासाठी मी नोंदी लिहू लागले. गेल्या वर्षी अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय स्त्रीवादी कार्यकर्तीची नोंद माझ्याकडे आली. संपादकांनी दिलेल्या मथळ्यात तिचे आडनाव एक. तिच्याच पुस्तकावर निराळे. मी ग्रंथालयात बसले. मथळ्यातले नाव अनेक संदर्भग्रंथांत सापडले, पण ते सर्वांनी एकाच जुन्या कोशावरून उतरवलेले. दहा पोथ्यांनी एकच चूक नकलली तरी साक्ष एकच, हे मला पाठशाळेनेच शिकवले आहे. तिचे आत्मकथन, तिच्या हयातीत छापलेली भाषणे, तिच्या संघटनेने प्रसिद्ध केलेला मृत्युलेख, या सर्वांत मात्र तिच्या आईचे आडनाव होते. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचे आडनाव आपण टाकले आहे, ते पुन्हा आपल्याला कोणी लावू नये, असे आत्मकथनात तिने स्वच्छ लिहिले होते.

पुस्तक मिटले.  मेल्यावरही तिला कोणी तिचे नाव घेऊ देत नव्हते.

संपादकांपुढे मी ती पुस्तके ठेवली. त्यांनी उघडली नाहीत.

“अहो बाई, कोशाचा नियम आहे. विवाहित स्त्री नवऱ्याच्या आडनावाखाली.”

“तिनं ते टाकलं होतं. स्वतः छापून ठेवलंय.”

“मग काय, ती तपासायला पुण्यात येणार आहे?”

“मी तपासलंय.”

“एवढा जीव तुटतोय! नात्यातली आहे वाटतं?”

टेबलाभोवतीचे सगळे हसले.  

“हो,” मी म्हणाले. “नात्यातलीच.”

 संपादकांनी मथळा तोच ठेवून नोंद सहीसाठी माझ्यापुढे सरकवली. मी ती घडी करून पिशवीत घातली.

“अहो, ती नोंद कोशाची आहे!”

“लिहिली मी आहे. त्या आडनावाखाली माझा एक शब्दही छापायचा नाही.”

कोशाचा तो खंड अद्याप अडलेला आहे. निरोप येतात, मध्यस्थ येतात. वयाचा मान ठेवून सगळे गोड बोलतात. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. जिथे ते पुसले जात आहे, त्या चरित्रकोशातच, अकारविल्हे क्रमात त्याच्या हक्काच्या जागी, ते आधी छापावे लागेल. तोवर ती नोंद मी देणार नाही.