फ्लेमिंगोजचा गोलकीपर

तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसात मीटिंग चालू असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘‘आप टीमवाले साहब बोल रहे हैं?’’ कुठली टीम, हेच माझ्या लक्षात येईना. मग पलीकडचा माणूस म्हणाला, ‘‘दत्ताराम गुजर गया, साहब. सुबह उठा ही नहीं...’’ तो सलीम होता, मुहैस्नाहच्या कामगार वस्तीत दत्तारामच्या खोलीत राहणारा. दत्तारामच्या मोबाइलमध्ये माझा नंबर ‘टीम साहेब’ म्हणून होता. ती टीम बंद पडून चार वर्षं झाली होती.

दुबईत आइस हॉकी म्हटलं की लोक हसतात. पण रास अल खोरच्या गोदामांमधल्या एका शेडमध्ये बर्फाचं छोटं मैदान होतं आणि हौशी लीगच्या खालच्या फळीत आमची ‘खोर फ्लेमिंगोज’ दोन सीझन खेळली. बँकेतले दोन कॅनडियन, एक झेक शिक्षक, तीन-चार रशियन, दोन इमिराती भाऊ आणि टोरांटोत नोकरी करताना स्केटिंग शिकलेला मी, पुण्याचा. गुलाबी जर्सी घालून आम्ही बहुतेक सामने हरायचो. बाहेर अंग भाजून निघायचं आणि आत दात वाजायचे. तो बर्फ दत्तारामच्या हातचा. तो गुहागरकडचा, माझ्याच वयाचा, आधी मासळीसाठी बर्फाच्या लाद्या पाडणाऱ्या कारखान्यात होता. बर्फ गुळगुळीत करायच्या मशीनवर बसून तो मैदानभर पाणी सोडत फिरायचा आणि त्या पाण्याच्या वाफा निघायच्या. ‘‘अरे, गरम कशाला?’’ मी एकदा विचारलं. ‘‘गरम पाणी खालच्या बर्फाला धरतं, साहेब. थंड पाणी नुसतं वर राहतं.’’

दुसऱ्या सीझनच्या मध्यावर आमचा गोलकीपर, तो झेक शिक्षक, नोकरी सोडून मायदेशी गेला. त्याच शुक्रवारी सकाळी अबुधाबीची टीम दारात हजर. गोलकीपर नाही तर सामना नाही, असा नियम. आम्ही सामान आवरायला लागलो तेव्हा दत्ताराम कठड्यापाशी येऊन म्हणाला, ‘‘मी उभा राहू का, साहेब?’’ मैदान उघडायच्या आधी तो रोज तासभर एकटाच स्केटिंग करायचा, हे आम्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. त्या झेकने मागे ठेवलेले पॅड त्याने चढवले. ते त्याला ढगळ होत होते. नऊ गोल बसले त्या दिवशी. पण अडवले किती, ते कुणी मोजलंच नाही. रबराची ती कडक चकती सुसाट यायची आणि तो छाती पुढे करायचा. मधूनच ओरडायचा, ‘‘डावीकडे, साहेब! डावीकडे बघा, आला!’’ अबुधाबीवाले गोंधळून थांबायचे, ही कुठली भाषा म्हणून. इतक्या वर्षांत मी इतका हसलो नव्हतो.

सामना संपल्यावर आम्ही जेवायला निघालो. दत्तारामने पॅड उतरवले, घाम पुसला आणि मशीनवर चढला, पुढच्या टीमसाठी बर्फ करायचा होता. ‘‘हरल्यावर पण जेवायला जातात का?’’ त्याने हसत विचारलं. मी ‘‘जातात ना’’ म्हणालो आणि गेलो. थांबतो रे, तुझं झालं की जाऊ, एवढं म्हणायला काय झालं होतं मला...

उरलेले सगळे सामने तोच गोलमध्ये उभा राहिला. त्यातला एक आम्ही जिंकलो. मग कुणाची बदली झाली, कुणाची नोकरी गेली आणि फ्लेमिंगोज खलास. शेवटच्या दिवशी मी म्हणालो, ‘‘भेटू दत्ताराम, इन्शाल्ला.’’ इथे वीस वर्षं काढल्यावर त्या शब्दाचा इथला अर्थ, ‘बहुधा नाहीच’, त्यालाही कळत होता, मलाही. गणपतीला त्याला घरी बोलव, असं बायको एकदा म्हणाली होती. मी ‘बघू’ म्हणालो.

दत्तारामची शवपेटी गावी रवाना होण्याआधी आम्ही पाच जण उभे होतो. चार त्याच्या खोलीतले आणि मी. सलीमने विचारलं, ‘‘बाकी टीम नहीं आई? बोलता था, शुक्रवार को अपनी टीम रहती है.’’ घरी आल्यावर मुलाने विचारलं, ‘‘हू वॉज ही, बाबा?’’ त्याला दाखवायला मी मोबाइलमध्ये टीमचा फोटो शोधायला लागलो.

मग आठवलं, टीमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. मी तो म्यूट करून ठेवला होता म्हणून त्यातून बाहेर पडायचं राहून गेलं होतं. उघडला. एकेक जण कधीच ग्रुप सोडून गेलेला. तरी दर शुक्रवारी पहाटे दत्तारामचा मेसेज होता, तोच जो तो पूर्वी सामन्याच्या दिवशी टाकायचा : ‘आइस रेडी है.’ शेवटचा रशियन बाहेर पडला आणि ग्रुपमध्ये आम्ही दोघेच उरलो, त्या आठवड्यापासून मेसेज मराठीत सुरू झाले होते. अडीच वर्षांचे शुक्रवार. मी एकही वाचला नव्हता.

‘बर्फ तयार आहे, साहेब. या.’