माझ्या वाटचं सँडविच

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो. शाळेचा शिपाई दाराशी येऊन उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, तुमचे वकीलसाहेब कोर्टात बसल्या बसल्या पडले... गेले म्हणून राहिले सारे." हातातला खडू खिशात घालून मी सायकल काढली, आणि खडू खिशात आहे हे मला स्मशानातून परतल्यावर कळलं. त्या दिवशी मी पुष्कळ रडलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण यापुढे मी नानाशी भांडणार आहे. बाररूममधल्या शोकसभेत मी त्याच्याबद्दल फार चांगलं बोललो. निश्चयाचा माणूस, शब्दाचा पक्का, असं काय काय म्हणालो. ते भाषण मला आता परत घ्यायचं आहे.

आमची दोस्ती डबलरोटीमुळे झाली. आमच्याकडे पावाला डबलरोटी म्हणतात, आणि त्या काळी चांगल्या घरात ती फक्त आजाऱ्यासाठी येत असे. मी अंजनगाव सुर्जीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. शिकायला अमरावतीत आलो आणि नानाच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहिलो. त्याचे वडील शहरातले नावाजलेले भटजी. नानाला टायफॉइड झाला आणि डॉक्टरांनी दुधात भिजवून डबलरोटी द्यायला सांगितली, तेव्हा घरात मोठा पेच पडला. बेकरीवाल्याच्या हातची वस्तू सोवळ्याच्या घरात येणार कशी? शेवटी मी ती आणायची आणि अंगणातल्या खिडकीतून थेट नानाच्या हातात द्यायची, असं ठरलं. पंधरवड्यात ताप उतरला, पण नानाचा अशक्तपणा काही दोन महिने जाईना. रोज खिडकीतून हात बाहेर यायचा. "मास्तर," तो म्हणायचा (मी मास्तर होण्याआधीपासून तो मला मास्तर म्हणे), "उद्या जरा जाड कापून आण. अन् मधात काही लावता आलं तं पाह्य." मी गूळ आणि लोणी लावून नेलं. ते आमचं पहिलं सँडविच. सँडविच हा शब्द आम्हा दोघांनाही तेव्हा माहीत नव्हता.

पुढे तो वकील झाला, मी शाळेत लागलो, दोघांची लग्नं झाली, आणि रविवारी सकाळी आम्ही सायकली काढू लागलो, लांबचं गाव असलं तर आगगाडी. लोक देवदर्शनाला जातात तसे आम्ही सँडविचच्या दर्शनाला जायचो. आमच्या वऱ्हाडात तेव्हा कापसाच्या मागे लागून कुठकुठची माणसं येऊन राहिली होती, आणि फाळणीनंतर सिंधी आले. प्रत्येकाच्या घरी डबलरोटीला वेगळी बुद्धी सुचलेली. बडनेरा स्टेशनच्या खानपानगृहात एक गोव्याचा आचारी होता. तो काकडीचं इतकं पातळ सँडविच करायचा की खाल्लं की नाही असा संशय यावा. वर तो पावाच्या कडा कापून टाकायचा, आणि ते पाहून माझा शेतकरी जीव कळवळायचा. नाना त्या कडा मागून घ्यायचा आणि चहात बुडवून खायचा. धामणगावला कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या पारशी मॅनेजरची बायको हिरव्या चटणीत उकडलेलं अंडं कुस्करून भरायची. भटजींच्या मुलाने ते बोटं चाटून खाल्लं, आणि परत येताना गाडीत मला बजावलं, "बटाटा होता तो. घरी कोणी विचारलं तं बटाटा." अकोल्याच्या कापूस बाजारातला एक गुजराती दलाल बटाट्यावर शेव भुरभुरायचा. ते मला आवडलं, नानाला नाही. "कुरकुर कावून पायजे सँडविचात?" तो म्हणाला, जणू समोर न्यायाधीशच बसले आहेत.

पण खरा खटला दोन सँडविचांचा. पहिलं अमरावतीच्या सिंधी कॅम्पातल्या लालचंदचं. लालचंद तव्यावर आलू टिक्की चपटी करायचा, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा घालून दोन स्लाइसमध्ये दाबायचा आणि वरून पुन्हा तव्यावर तूप सोडायचा. दुसरं अकोल्याचं, हुसेनभाईच्या बेकरीतलं. बेकरीच्या मागच्या अंगाला, भट्टीजवळ, एकच टेबल होतं. हुसेनभाई जाड स्लाइसना लोणी आणि लसणाची लाल चटणी लावायचे, मध्ये काकडी ठेवायचे, आणि लोखंडी चिमट्यात धरून निखाऱ्यावर शेकायचे. नाना म्हणायचा, पहिला नंबर हुसेनभाईचा. मी म्हणायचो, लालचंदचा. हे भांडण आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत आमचा आवाज इतका चढला की शेजारच्यांना वाटलं, शेताच्या बांधावरून जुंपली. नाना हरणारा माणूस नव्हता. मीही नाही. खरं सांगायचं तर निकाल लागू नये असंच आम्हा दोघांना वाटत होतं, कारण निकाल लागला असता तर रविवारी बोललो कशावर असतो...

मग भटजीबुवा वारले. अस्थी घेऊन नाना काशीला निघाला आणि मी सोबत गेलो. काशीला गेलं की आपल्याला आवडणारी एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडायची, ही आपल्याकडची रीत. आदल्या संध्याकाळी धर्मशाळेत बसलो असताना नाना हसत होता. त्याच्या आत्याने काशीत कारलं सोडलं होतं, आणि कारलं तिने आयुष्यात कधी खाल्लेलंच नव्हतं. "असं कुठी पुण्य भेटते काय?" तो म्हणाला. "सोडाचं तं जिवाले लागणारं सोडाव." मी विचारलं, मग तू काय सोडणार? तो माझ्याकडे पाहत राहिला. "माह्या जिवाले काय लागते, हे तुले सांगा लागते काय, मास्तर?" दुसऱ्या दिवशी घाटावर पंड्याने हातावर पाणी दिलं. नानाने डोळे मिटून ओठ हलवले आणि पाणी सोडलं. मला ते बघवलं नाही. मीही पुढे झालो, हातावर पाणी घेतलं आणि मोठ्याने म्हणालो, डबलरोटी. पाण्याबाहेर आल्यावर मी त्याला सांगितलं, "तू एकटा कसा सोडशील? मीही सोडली." त्याचे डोळे भरून आले होते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, बापाच्या आठवणीने भरून आलंय.

त्यानंतर दहाएक वर्षं मी डबलरोटीला हात लावला नाही. हे लिहायला सोपं आहे. पण आमच्या घरी मुलं मोठी होत होती, आणि मुलं डबलरोटी मागतातच. मी त्यांच्या शेजारी बसून भाकर खात असे. शाळेच्या संमेलनात पाहुण्यांसाठी सँडविचं येत, आणि मुख्याध्यापक आग्रह करत. मी हात जोडून म्हणायचो, काशीला सोडलंय. नाना तिथे असला की सगळ्यांना कौतुकाने सांगायचा, "आमच्या मास्तरचा निश्चय म्हणजे निश्चय." मला बरं वाटायचं. दोघं एका नावेत आहोत असं वाटायचं. रविवारच्या सायकली थांबल्या, पण त्याचंही मला काही वाटलं नाही, कारण आधी आम्ही सोबत खाणारे होतो, आता सोबत न खाणारे झालो होतो. कोर्टाच्या तारखेला तो महिन्यातून दोनदा अकोल्याला जायचा. परत आला की मी विचारायचो, हुसेनभाई दिसले का? तो म्हणायचा, "दुरून पाह्यले." मी म्हणायचो, बरं केलंस, जवळ जाऊ नको.

एक दिवस मात्र मला विसरता येत नाही. मला मुदतीचा ताप आला होता. पोटात काही ठरत नव्हतं आणि डॉक्टर रागावले होते, डबलरोटी-दुधाशिवाय दुसरं काही द्यायचं नाही म्हणाले. मी ऐकत नव्हतो. बायको कोपऱ्यात रडत होती. तेव्हा नाना आला, हातात कागदात गुंडाळलेली डबलरोटी. मला आमची खिडकी आठवली. "खा, मास्तर," तो म्हणाला. "औषध समज. गंगामाय काही म्हणत नाही." मी विचारलं, "तू खाशील काय?" त्याने डबलरोटीचा कागद उगाच सारखा केला. मग म्हणाला, "माही गोष्ट वेगळी आहे." मला वाटलं, त्याचा संकल्प बापाच्या नावाने आहे म्हणून वेगळी. मी म्हणालो, "तू खात नाहीस तं मी कसा खाऊ?" नाना उठला, खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मग डबलरोटी तशीच उचलून घेऊन गेला. मी भाताच्या पेजेवर महिनाभर काढला आणि हाडांचा सापळा होऊन उठलो. त्या दिवशी तो एक वाक्य बोलला असता, तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या, हसलो असतो, आणि डबलरोटी खाल्ली असती. एक वाक्य फक्त. वकील होता तो, वाक्यांवर तर त्याचं घर चालत होतं.

तो गेल्यानंतर तीनेक आठवड्यांनी मी वहिनींना भेटायला गेलो. जेवायची वेळ झाली होती, वहिनींनी पान मांडलं. पानात दोडक्याची भाजी होती. वहिनी समोर बसल्या आणि स्वतःहूनच म्हणाल्या, "मले लय आवडते दोडका, भाऊजी. पण काशीहून आल्यापासून घरात आणलाच नाही. त्याईनं सोडला होता न." माझा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "वहिनी, नानाने डबलरोटी सोडली होती." त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "डबलरोटी? अहो, अकोल्याहून येताना तेच तं आणत लेकरांसाठी. दोडका सोडला होता. लहानपणापासून त्यांच्या घशाखाली उतरतच नव्हता तो." आणि मग त्या जरा हसल्या, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसल्या, म्हणून मी काहीच बोललो नाही. पानातला दोडका मी पूर्ण संपवला. काय खातोय ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी अकोल्याला गेलो. का गेलो, माहीत नाही. कदाचित वहिनींची काही चूक होत असेल अशी आशा असेल. हुसेनभाई आता म्हातारे झाले आहेत, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. नानाची बातमी त्यांना कळली होती. त्यांनी मला मागच्या टेबलाशी बसवलं, डोळे पुसले, आणि माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. "हर तारीख पे आते थे वकीलसाब. दो मंगाते थे, एक अपना, एक मास्टरसाब का. मैं पूछता, मास्टरसाब कहाँ हैं? तो बोलते, वो नहीं आ सकते, उनका हिस्सा भी मेरेकोच खाना पड़ता." मी विचारलं, आणि खायचा? "दोनों खाते थे," हुसेनभाई म्हणाले. "पहले आपका खाते."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी ताप अंगावर काढत होतो तेव्हा हा माणूस इथे बसून माझ्या वाटचं खात होता, आणि तेही आधी! मी उठणार होतो. तेवढ्यात हुसेनभाई म्हणाले, "एक बात का बुरा लगता था मेरेकू. खा के हमेशा बोलते, हुसेनभाई, तुम्हारा दूसरे नंबर का है. पहला वो सिंधी का. मास्टर सही बोलता है." मी पुन्हा खाली बसलो. म्हणजे मी बरोबर आहे, हेही त्याने कबूल केलं होतं. हुसेनभाईंना सांगितलं, आणखी कोणाकोणाला सांगितलं असेल कोण जाणे. मला सोडून सगळ्यांना. मला त्याच्या तोंडून दोनच गोष्टी ऐकायच्या होत्या, काशीचं खरं आणि लालचंदचा पहिला नंबर, आणि त्या दोन्ही त्याने दुसऱ्याच्या टेबलावर ठेवल्या. दुःखाने माणूस हलका होतो म्हणतात, पण मला त्या वेळी दुःख नव्हतंच झालं, नुसता राग आला होता, आणि आजही आहे. तू खरं सांगितलं असतंस तर माझा विश्वास बसला नसता असं नाही, नाना. मी तुझ्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवत होतो, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

हुसेनभाईंनी तोवर चिमटा निखाऱ्यावर धरला होता. सवयीने त्यांनी दोन बश्या आणून ठेवल्या, एक माझ्यासमोर आणि एक पलीकडे, नानाच्या खुर्चीसमोर. मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते पलीकडची उचलायला लागले. मी म्हणालो, "राहू द्या." माझ्यासमोरच्या बशीला मी हात लावला नाही. मी गंगेत पाणी सोडलं आहे, आणि आम्हा दोघांपैकी निदान एकाने तरी ते खरं सोडलं होतं. पण नानाच्या वाटचं मी कुठे सोडलं होतं? मी ती बशी पुढे ओढली आणि नानाचं सँडविच खाल्लं, कडांसकट, सावकाश. लसूण तोच, लोणी तेच, निखाऱ्याचा वास तोच... हुसेनभाई माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. म्हाताऱ्याला उत्तर हवं होतं. मी काही बोललो नाही.

पहिला नंबर हुसेनभाईचाच आहे. पण हे मी नानाजवळ कबूल करणार नाही. आधी त्याने तोंड उघडावं.